नंबर तीनचे गुण

लष्कर, ग्वाल्हेर
१५ जानेवारी २०२६, संक्रांतीचा दुसरा दिवस

गरिमा,

आशीर्वाद आहेतच, ते कागदावर मांडायला नकोत. तिळाच्या वड्या वेगळ्या पुडीत घातल्या आहेत. पाकीट फुगलं की पोस्टातला माणूस तोंड वाकडं करतो, म्हणून थोड्याच घातल्या. कागद पाठकोरे आहेत. मागे गेल्या वर्षीच्या उत्सवाचं कार्यक्रमपत्रक छापलेलं आहे, ते वाचत बसू नकोस.

फोन तू घेत नाहीस. हेमेंद्र म्हणतो, आमचे सगळ्यांचे नंबर तू बंद करून ठेवलेस, फक्त यांचा चालू आहे. यांना व्हॉट्सॲप उघडता येत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून तेवढी मेहेरबानी केली असशील. तर पत्र लिहिते. मॅट्रिकनंतर मी हिशेबाशिवाय फारसं काही लिहिलेलं नाही, तेव्हा सांभाळून घे.

दवाखान्यातून पुन्हा फोन आला होता. तुम्हा दोघांच्या सह्या हव्यात म्हणाले. तुला सगळं माहीत आहे, तरी मी माझ्या समजुतीप्रमाणे इथे मांडते. चुकले तर कळव.

गेल्या वर्षी माघात तुझ्या पोटातून बीजं काढली आणि हेमेंद्रच्या बीजाशी त्यांची गाठ घातली. काचेच्या पेटीत ठेवली. पेटीत कॅमेरा होता, तो सारखे फोटो काढत होता, आणि ते फोटो पाहून कॉम्प्युटर प्रत्येकाला दहापैकी गुण देत होता. डॉक्टरीणबाई त्यांना एम्ब्रियो म्हणतात, हेमेंद्र नंबर म्हणतो. मी काय म्हणावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. नंबर एकला नऊ गुण होते. तो फाल्गुनात तुझ्या पोटात सोडला, रुजला नाही. नंबर दोनला आठ होते. तो रुजला आणि श्रावणात, तिसऱ्या महिन्यात, गेला. त्यावर मी काही लिहीत नाही. नंबर तीन गोठवून ठेवलेला आहे आणि त्याला तीनच गुण आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, हा सोडायचा सल्ला मी देणार नाही. हेमेंद्र म्हणतो, तो टाकून द्यावा आणि दिल्लीला जाऊन पहिल्यापासून करावं. तू म्हणतेस, मला नंबर तीनच हवा. तुळशीच्या लग्नानंतर तू देवासला माहेरी गेलीस ती यावरूनच. बरोबर?

तू त्या दिवशी डॉक्टरीणबाईंना विचारलंस ते मला आठवतं. तुम्ही मास्तरीणबाई, पोरांना मार्क देणाऱ्या. तू म्हणालीस, "मॅडम, मी तीन मार्क दिले तर मुलाचा बाप शाळेत येऊन विचारतो, पेपर दाखवा. याचा पेपर कोणी तपासला? फिरून तपासा म्हणायचं तर कोणाला म्हणायचं?" त्या हसल्या. म्हणाल्या, ते कंपनीचं आहे, आतलं आम्हालाही दिसत नाही. आणि तेवढ्यात यांनी मधेच विचारलं, "यंत्राला इतकं कळतं, तर मुलगा की मुलगी तेही सांगत असेल?" डॉक्टरीणबाईंनी नुसतं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं, इथे लिंग तपासणी होत नाही, तो गुन्हा आहे. हे घरी येईपर्यंत टेम्पोत तोंड लपवून बसले होते. तेवढं एक सरकारने बंद केलं आहे. बाकी गुण द्यायला मोकळीक.

माझं म्हणणं एवढंच, की तू ये आणि सही कर. जे टिकणार नाही म्हणतात त्यात जीव गुंतवून काय करायचं? मी थकले गं. हेमेंद्र जेवतो आणि उठतो. घरात ताटांचा आवाज तेवढा होतो.

तू गेल्यावर मी जोतिबाला कौल लावला होता. आपल्याकडची रीत तुला मी दाखवली होती, देवाच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची, उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. विचारलं होतं, गरिमा परत येईल का? दोन्ही फुलं चिकटूनच राहिली. दुसऱ्या दिवशी सुकली, तरी पडली नाहीत. शेवटी मीच काढली. हे म्हणाले, "अगं, थंडी आहे. देव पण रजईत."

उत्तर लिही. पोस्टाचं तिकीट लावलेलं पाकीट आत घातलं आहे, ते वाया घालवू नकोस.

आई


लष्कर
२४ जानेवारी, वसंत पंचमीचा दुसरा दिवस

गरिमा,

तुझं पाकीट आलं नाही, पण निरोप सापडला. तू यांच्या व्हॉट्सॲपवर कधीचा पाठवून ठेवला होतास. काल समोरची सोनल आली होती, तिला यांनी फोन दिला, की बाई, यात गजर लावून दे. तिने वाचून दाखवलं, "आईंना सांगा, नंबर तीन माझा पण आहे. मी सही करणार नाही." सगळ्यांसमोर वाचलं. हेमेंद्र उठून गच्चीवर गेला.

सोनल आता हायकोर्टात वकिली करते. मग मी तिला बसवून चहा दिला आणि विचारलं, अगं, हेमेंद्र म्हणतो बायको येत नसेल तर मी एकटा सही करतो, चालतं का?

"काकू, बिलकुल नाही," ती म्हणाली. "ठेवायचं असो, टाकायचं असो, कायद्याला दोघांची लेखी संमती लागते. एकाच्या सहीवर दवाखान्याने काही केलं, तर दवाखाना अडकेल."

"आणि यंत्राने चुकीचे गुण दिले तर?"

"कायद्यात डॉक्टर आहे, दवाखाना आहे, नवरा-बायको आहेत. यंत्राचं नावच नाहीये काकू. कोर्टात गेलं तर विचारतील, सही कोणाची आहे?"

म्हणजे ठरवणार यंत्र आणि सही माणसाची. आमच्या पतपेढीत दिनकरराव मॅनेजर असेच होते. कर्ज नाकारायचे आणि म्हणायचे, मी नाही हो, वरून आलं आहे. वर कोण ते कुणाला कधी कळलं नाही. पण दिनकररावांना निदान बाड्याच्या चौकात गाठून शिव्या तरी देता येत होत्या.

तू सही करणार नाहीस हे मी हेमेंद्रला समजावून सांगितलं. तो चिडला. "आई, इसमें भावनाओं का क्या काम? तीन आहे तीन. नऊवाला टिकला नाही, आठवाला टिकला नाही, और ये तीनवाला टिकेगा?" मी म्हटलं, अरे, नऊ आणि आठ टिकले नाहीत, यावरूनच यंत्राला काय कळतं ते दिसत नाही का? तर म्हणाला, "तुला गणित येत नाही." मला! या घराचा हिशेब लग्न झाल्यापासून मी लिहिते आहे.

पण गरिमा, एक सांगते. मी सांगितलं आहे असं त्याला दाखवू नकोस. परवा मी न्हाणीघर धुवत होते, तर म्हणाला, "आई, ती लाल बादली फेकून दे." का, तर काही नाही. मग मला आठवलं. श्रावणात त्या दिवशी तुला उचलून त्यानेच बाहेर आणलं होतं आणि बादली त्यानेच धुतली होती. मी देवळात होते. त्याला नंबर तीन नको आहे असं नाही. त्याला तसा दिवस पुन्हा नको आहे. यंत्राने तीन म्हटलं की त्याला सुटल्यासारखं वाटतं. आपण नको म्हटलं नाही, यंत्राने म्हटलं.

मागच्या पत्रात मी सही कर म्हणून लिहिलं, त्यातलं अर्धं त्याने सांगितलेलं होतं. ते आता धरू नकोस. तुला काय हवं ते तू लिही, मी इथे बोलेन. मला जमेल तेवढं.

बादली मी फेकली नाही, चांगली होती. मोलकरणीला दिली.

आई


लष्कर
५ फेब्रुवारी

गरिमा,

हे पत्र आनंदाचं आहे. हेमेंद्रने यांच्या फोनवरून तुला आधीच कळवलं आहे, तरी लिहिते.

मंगळवारी दवाखान्यातून बोलावणं आलं. हेमेंद्र, हे आणि मी गेलो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कॉम्प्युटरमधली ती गुण देणारी वस्तू कंपनीने नवी करून पाठवली आहे. आधी ती बाहेरच्या देशांतल्या फोटोंवर शिकली होती, आता आपल्याकडचे पुष्कळ फोटो घालून शिकवली आहे. तिने जुने फोटो पुन्हा तपासले, आणि नंबर तीनला तीनाचे सात झाले. आता हा सोडायला हरकत नाही म्हणाल्या.

फोटो तोच. गोठवलेला आहे तोही तोच, तसाच. तीनाचे सात झाले. मी विचारलं, "अहो, मग आधीचे तीन कोणाचे होते?" तर म्हणाल्या, "आई, टेक्नॉलॉजी सुधारते." हेमेंद्र माझ्याकडे असा बघत होता, की आता गप्प बस. त्याचे डोळे भरले होते.

तेव्हा तुझं म्हणणं खरं ठरलं, पेपर परत तपासता येतो. शिवरात्र झाली की दुसऱ्या दिवशी हेमेंद्र तुला घ्यायला इंदूरच्या गाडीने येईल. तुझी खोली झाडून ठेवली आहे. गाद्यांना ऊन दाखवलं. शाळेत तुझ्या जागेवर आलेली बाई मुलांना फार मारते, असं शेजारची मुलं सांगतात, तर त्यांनाही तू हवीच आहेस.

काल तू हेमेंद्रला फोन केलास. तो स्पीकरवर होता. तू हसलीस. माझ्या हातात परात होती, मी तशीच उभी राहिले. यांनी टीव्ही बंद केला.

दवाखान्यातल्या कॉम्प्युटरचा पडदा मीही पाहिला. त्याचं नंतर कधी लिहीन, तसं सांगण्यासारखं काही नाही.

गूळ-शेंगदाण्याचे लाडू करून ठेवते. प्रवासात उघड्यावरचं खाऊ नको.

आई


लष्कर
९ फेब्रुवारी, सोमवार

गरिमा,

हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते आहे, म्हणजे हेमेंद्र निघायच्या आत तुला मिळेल. वाचताना बसून घे. घरात कोणी असेल तर बरं.

मागच्या पत्रात मी लिहिलं की सांगण्यासारखं काही नाही. ते खोटं होतं. त्यानंतर जप करायला बसले तर माळ पुढे सरकेना. एका मण्यावर बोट तसंच. हे म्हणाले, झोप लागली का? नव्हती लागली.

फोनवर सांगता आलं असतं. पण तुझा तो हसरा आवाज एकदा ऐकल्यावर माझ्याने तोंडाने बोलवणार नाही. म्हणून लिहिते.

पडद्यावर चार फोटो होते.

डॉक्टरीणबाईंनी तुझं नाव दाबलं आणि चौकोन उघडले. मला त्यातलं काही कळत नाही, साबणाच्या फेसातला बुडबुडा दिसतो तसे ते दिसतात. पण मोजता येतं. चार होते. पहिला, दुसरा, तिसरा, आणि शेवटी एक फिकट, राखाडी केलेला. प्रत्येकाखाली जुना आकडा आणि त्यापुढे नवा. पहिल्याचे नवाचे सहा झाले होते. शेवटच्याचे दोनाचे सहा.

मी बोट लावलं. "हा कोणता?"

डॉक्टरीणबाईंनी पटकन पडदा बदलला. "तो ठेवलेला नाही. तेव्हा स्कोअर कमी होता."

"मग आता सहा कसा लिहिला आहे?"

"सिस्टिम सगळे जुने फोटो आपोआप तपासते. त्याला तो आहे की नाही, ते कळत नाही."

हेमेंद्र खाली फोनमध्ये बघत होता. फोन बंद होता, काळा. त्यात त्याला काय दिसत होतं, देव जाणे.

तिथे मी पुढे काही बोलले नाही. यांना वाटलं, तिसऱ्याचे सात झाले त्याचा मला आनंद झाला आहे म्हणून गप्प आहे. टेम्पोत ते रस्ताभर नाव काय ठेवायचं ते बोलत होते. मुलगा झाला तर मल्हार, मुलगी झाली तर यशश्री. हेमेंद्र "हां बाबा, हां बाबा" करत होता.

घरी आल्यावर मी त्याला देवघरात बोलावलं. म्हटलं, देवासमोर खोटं बोलू नको. तो बोलला. मी त्याच्याच शब्दांत लिहिते, वाढवत नाही, कमी करत नाही.

बीजं काढल्यावर तुला पोट फुगून त्रास झाला होता, आठवतं? तू चार-पाच दिवस पडून होतीस, औषधाने झोप येत होती. तेव्हा दवाखान्यातून त्याला फोन आला. चार तयार झाले आहेत, तीन गोठवतो, चौथ्याला कॉम्प्युटरने दोनच गुण दिले आहेत, तो ठेवण्यात अर्थ नाही, तुमचं दोघांचं काय म्हणणं? तो म्हणाला, विचारून सांगतो. तू झोपली होतीस. तुला उठवलं नाही. व्हॉट्सॲपवर "यस" लिहून पाठवलं. तेवढ्यावर त्यांनी टाकून दिला. तुला तीनच झाले, असं सांगितलं.

"ती रोती, आई," म्हणाला. "एक कमी है, ये बताके क्या मिलता? मशीनने सांगितलं होतं ना नाही होणार."

मी म्हटलं, तू विचारून सांगतो म्हणालास, मग कुणाला विचारलंस?

तो म्हणाला, "तुला."

गरिमा, मला काही केल्या आठवेना. मग त्याने आठवण दिली. मी खाली बसून वाती वळत होते. तो जिन्यावरून आला आणि विचारलं, आई, देवाचा कौल उलटा आला तर परत विचारतात का? मला वाटलं, ऑफिसच्या बदलीचं असेल. मी म्हटलं, नाही रे, एकदा आला तो आला, परत विचारणं म्हणजे देवावर अविश्वास. तो "ठीक" म्हणाला आणि वर गेला.

हे आमच्याच घरात होऊ शकतं. दुसऱ्या कुठल्या घरात नवऱ्याने बायकोला उठवलं असतं, नाही तर डॉक्टरशी भांडला असता. आमच्याकडे लहानपणापासून शिकवलेलं, की वरून उत्तर आलं की मान खाली. कुठून वरून, ते त्याने पाहिलं नाही. कंपनीच्या कॉम्प्युटरला त्याने जोतिबाचा मान दिला. आणि मी वाती वळता वळता त्यावर हळदकुंकू वाहिलं. तो कौल नव्हता गं. कौलात निदान देवासमोर उभं राहून, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने विचारतात. यात ज्याचा प्रश्न, त्यालाच झोपू दिलं.

तो राहिला असता तर वाढला असता, असं मी म्हणत नाही. सहा म्हणजे काय आणि दोन म्हणजे काय, हे मला कळत नाही आणि आता वाटतं, त्यांनाही पुरतं कळत नाही. उद्या आणखी नवी वस्तू येईल आणि तिसऱ्याचे साताचे पुन्हा चार होतील. तू शाळेत असं केलंस तर तुला काढून टाकतील. पण तो तुझा होता आणि तुला विचारलं नाही, एवढं मला कळतं.

हेमेंद्र म्हणाला, "आई, तिला आता सांगू नको. नंबर तीन पोटात ट्रान्सफर होऊ दे, टिकू दे, मग मी स्वतः सांगेन. टेन्शनमध्ये तो पण जाईल." मी इतके दिवस हेच घोळवत होते. खरं सांगू, मलाही तसंच वाटत होतं. तू येशील, घरात आवाज होईल, नातवंड होईल, मग काय ते बघू. साठी आली माझी. मला फक्त शांत बसायचं होतं.

पण मग मी तुला उठवलं नाही, असंच होईल. दुसऱ्यांदा.

सोनलला मी नाव न घेता विचारलं, व्हॉट्सॲपवरचं एकाचं "यस" चालतं का? ती म्हणाली, "काकू, कोणाचं आहे हे?" मी म्हटलं, ओळखीच्यांचं. मग ती म्हणाली, "नाही चालत. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. पण ओळखीच्यांना सांगा, ज्याने यस लिहिलं त्यालाही उत्तर द्यावं लागेल." ज्याने लिहिलं, तो माझ्या पोटचा आहे. हे लिहिताना ते मी विसरलेली नाही.

आता तुझ्यापुढे सगळं आहे. यायचं की नाही, तिसरा ठेवायचा की नाही, तक्रार करायची की नाही, यातलं एकही मी सांगणार नाही. मागे खूप सांगून झालं.

हेमेंद्रला हे पत्र टाकल्यावर सांगेन. आधी सांगितलं तर तो पाया पडेल आणि मी विरघळेन.

आई


लष्कर
१६ फेब्रुवारी, शिवरात्रीचा दुसरा दिवस

गरिमा,

तुझं पत्र मिळालं. हिंदीत लिहिलंस, चालेल. तीन ओळी आहेत, पण मी बऱ्याच वेळा वाचल्या. गुरुवारी अकराला तू तुझ्या भावाबरोबर, तरुणबरोबर, थेट दवाखान्यात येणार. घरी नाही. आधी चारही फोटो आणि चौथ्याचा कागद पाहणार, "बाकी बात उसके बाद". आणि डॉक्टरांसमोर, पडद्यावर मी काय पाहिलं ते मी सांगेन का, असं विचारलं आहेस.

सांगेन.

इकडचं सांगते. मी पत्र टाकल्याचं बोलले, तेव्हा हेमेंद्रने ताट सरकवलं आणि उठला. तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. यांनी आधी मला झापलं, "तुला हरिश्चंद्राचं काम कोणी दिलं होतं? सून हसत होती ना!" मग संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसले आणि विचारलं, "चौथा मुलगा होता की मुलगी, तेही माहीत नाही?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "बरंय." मल्हार आणि यशश्री ही नावं आता घरात कोणी घेत नाही.

डॉक्टरीणबाईंचा मला फोन आला. माझा नंबर त्यांना हेमेंद्रने दिला असणार. गोड बोलल्या. "आई, तुम्ही बुजुर्ग आहात. पडद्यावर डेमोचे फोटो होते, तुमची समजण्यात चूक झाली असेल. घरातली गोष्ट घरात राहू द्या. ट्रान्सफरचं मी सगळं बघून घेईन, तुम्ही काळजी करू नका." मी म्हटलं, "बाई, वर गरिमाचं नाव होतं. डेमोला माझ्या सुनेचं नाव का ठेवलंत?" त्यांनी फोन ठेवला. मला वाईट वाटलं. त्याही बाईच आहेत, श्रावणात त्यांनी तुझा हात धरला होता. पण मग त्या माझ्याशी गोड का बोलत होत्या, तेही मला कळत होतं.

काल शिवरात्र. मी अचलेश्वराच्या देवळातून आले तर हेमेंद्र स्वयंपाकघरात बसला होता. उपासाचं केलेलं त्याने खाल्लं नव्हतं. म्हणाला, "आई, तू किसकी तरफ है? इतना बता दे."

मी म्हटलं, गुरुवारी तिच्याशेजारी बसणार आहे. तू समोर असलास तरी.

"मैं तेरा बेटा हूं."

"म्हणून तर भात तुझ्यासाठी झाकून ठेवते. तरी तिच्याशेजारी बसणार."

तो नखाने ओट्यावरचं पीठ खरवडत होता. मग म्हणाला, "मी स्वतः जाऊन सांगितलं तर? तुझ्या पत्राने तिला कळलं. माझ्या तोंडून कुठे कळलं आहे? तू सांग, ती ऐकेल का?"

मी म्हटलं, मला विचारू नकोस. तिला विचार.

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर नाही म्हणाली."

तर तो आज दुपारच्या गाडीने निघतो आहे. तिकीट कन्फर्म नाही, तरी निघतो आहे. तुला घ्यायला नाही, हे मी त्याच्याकडून वदवून घेतलं आहे. दाराबाहेर उभा राहील. आत घ्यायचं की तिथूनच परत पाठवायचं, ते तू ठरव. त्याला परत पाठवलंस तर तुझ्या सासऱ्यांना काय वाटेल आणि मला काय वाटेल, याचा विचार करू नकोस. आमचं आम्ही बघू.

हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. वाटेत फोडून वाचलं तर वाचू दे, त्यात त्याच्यापासून लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. पत्र आधी घे. त्याचं बोलणं नंतर ऐक, किंवा ऐकू नकोस.

गुरुवारी मी पावणेअकराला दवाखान्यात असेन. तो तुझ्याबरोबर आला तरी, नाही आला तरी.

आई